व्हीलचेअरवरून उठून चालणारे प्रवासी आणि आपण

पाचपाखाडीची

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मध्यंतरी एक व्हिडिओ आला. विमानतळावर सामानाच्या पट्ट्याजवळ व्हीलचेअर थांबते, पन्नाशीच्या आसपासचे एक गृहस्थ उठतात, दोन पावलं चालतात आणि पट्ट्यावरची बॅग उचलतात. व्हिडिओ एवढाच. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "बघा, विमानतळाची हवा लागली आणि पाय बरे झाले." मग हसण्याच्या इमोजींची रांग.

त्या गृहस्थांना काय झालंय ते मला माहीत नाही, ग्रुपवरच्या कुणालाही माहीत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही अशीच उठले असते.

मला अँकिलोसिंग स्पॉन्डिलायटिस आहे. पाठीचा कणा आणि माकडहाडाजवळचे सांधे यांना सूज आणणारा हा संधिवात. बहुतेकांना विशी-तिशीतच सुरू होतो, मलाही तेव्हाच झाला. माझ्या बाबतीत खुब्याचे दोन्ही सांधेही त्यात सापडलेत. बाहेरून काही दिसत नाही. मी नोकरी करते, घरात चालते, जवळच्या दुकानातून भाजी आणते. मला जमत नाहीत त्या दोन गोष्टी: एका जागी बराच वेळ उभं राहणं आणि न थांबता लांब चालणं. विमानतळावर नेमक्या त्या दोनच कराव्या लागतात.

ठाण्याहून निघून माजिवड्याला अडकायचं, पूर्व द्रुतगती मार्गावर पुन्हा अडकायचं. गाडीत बसून बसून कंबर आखडलेली असते. मुंबई विमानतळाच्या टर्मिनल २ ला उतरलं की दारात ओळखपत्राची रांग, मग चेक-इनची, मग सुरक्षा तपासणीची, आणि त्यानंतर गेटपर्यंतची ती लांबच लांब चाल. सरकते पट्टे आहेत, पण ते सगळीकडे नाहीत, आणि त्यांच्यावरही उभंच राहावं लागतं. पूर्वी मी दात-ओठ खाऊन हे सगळं पायी करायचे. मग मुक्कामाला पोचल्यावर पुढचा दिवस अंथरुणात जायचा. लग्नाला गेले तर लग्न चुकायचं.

आता मी तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागते, आणि तेव्हापासून लोकांच्या नजरा सुरू झाल्या. एकदा काउंटरवरची मुलगी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मॅडम, तुम्ही तर चालत आलात." रांगेतल्या एका बाईंनी मुलाला सांगितलं, "असं खोटं कधी वागू नये हं." ती बाई मला ओळखत नव्हती. मुलगा सहा-सात वर्षांचा असेल. तो माझ्याकडे बराच वेळ बघत होता.

नियम काय म्हणतो तेही लिहिते, कारण 'सवलत लाटतात' हा शब्दप्रयोग ग्रुपवर बऱ्याचदा आला. डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी संचालनालय. त्याच्या नियमावलीत विभाग ३, मालिका एम, भाग १ हा यासाठीच आहे. त्यात ज्याची हालचाल मर्यादित आहे अशा प्रवाशाची व्याख्या दिली आहे. कारण कायमचं असो वा तात्पुरतं, व्यंग असो वा वय, सगळं त्यात बसतं. ज्याला फक्त विमानतळावर आणि चढता-उतरताना मदत हवी आहे, त्याच्याकडे वैद्यकीय मंजुरी किंवा खास फॉर्म मागू नये, असंही तिथे स्पष्ट लिहिलंय.

विमान कंपन्यांच्या व्यवस्थेत मदतीचे तीन प्रकार आहेत आणि जगभर तेच चालतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिने चढू शकतो, थोडं चालू शकतो, पण लांबचं अंतर जमत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनेही जमत नाहीत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे विमानातल्या आसनापर्यंत उचलून न्यावं लागतं. यातला पहिला प्रकार चालू शकणाऱ्या माणसांसाठीच केलेला आहे. खुर्चीवरून उठून बॅग घेणारा प्रवासी त्या प्रकारात अगदी नियमानुसार बसतो.

तुमचे अनुभव लिहा. मत वेगळं असेल तरी लिहा.

तलावपाळी

पूर्ण अनुमोदन. तो व्हिडिओ आमच्याही ग्रुपवर आला होता. दुसऱ्याच्या परवानगीशिवाय असं चित्रण करणं हेच मुळात चूक आहे, त्यावर कुणी बोललं नाही.

घोडबंदरकर

ताई, तुमचा त्रास खरा आहे, त्याबद्दल शंका नाही. पण दुसरी बाजूही ऐकून घ्या.

माझ्या वडिलांना पक्षाघात झाला आहे, उजवी बाजू जवळजवळ गेली आहे. परदेशाहून येताना विमान उतरलं आणि आम्ही दारातच थांबलो. खुर्च्या आल्या त्या आमच्या पुढच्या लोकांना गेल्या. त्यांच्यापैकी कितीतरी जण विमानात जेवणानंतर मार्गिकेत फेऱ्या मारताना मी स्वतः पाहिले होते. आम्ही पाऊण तास थांबलो. वडिलांना लघवीला जायचं होतं. बोलता नीट येत नाही, ते नुसते माझा हात दाबत होते. मी काय करणार होतो?

आणि हे सगळ्यांना माहीत आहे: अमेरिकेत मुलाकडे जाणारे आई-बाबा धडधाकट असले तरी मुलं त्यांच्या नावाने व्हीलचेअर टाकून देतात. इमिग्रेशनला कुणीतरी सोबत असावं, रांग टळावी म्हणून. माझ्या नात्यातच दोन घरं आहेत. खुर्च्या मोजक्या, माणसं मोजकी. जे खरोखर उठू शकत नाहीत त्यांचं काय?

पाचपाखाडीची

घोडबंदरकर, तुमच्या वडिलांचं वाचून पोटात कालवलं. असा प्रसंग कुणावरच येऊ नये.

मोजक्या खुर्च्यांबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर न्यूयॉर्कहून आलेले ऐंशी वर्षांचे गृहस्थ कोसळले आणि वारले, ती बातमी आठवत असेल. नवरा-बायको दोघांसाठी खुर्ची मागितली होती, एकच मिळाली. पत्नीला तीत बसवून ते चालत निघाले. डीजीसीएने त्या विमान कंपनीला ३० लाख रुपये दंड केला आणि सगळ्या कंपन्यांना पुरेशा व्हीलचेअर ठेवायला बजावलं. माझ्या दृष्टीने त्या प्रकरणात महत्त्वाचं हे, की मागणी कंपनीकडे आधीपासून नोंदलेली होती. कुठल्या विमानात किती खुर्च्या लागणार हे विमान उडण्याआधीच कळतं. तरीही एकच येते, तेव्हा चूक कुणाची?

विमानात फेऱ्या मारणाऱ्यांबद्दल म्हणाल तर माझ्या डॉक्टरांनीच मला सांगितलंय की दर तासाला उठून चाल. माझ्या आजारात बसून राहिलं की सांधे आखडतात, हललं की मोकळे होतात. तुम्ही मला विमानात पाहिलंत तर मीही त्या मार्गिकेत दिसेन.

नौपाड्याची फिजिओ

मी गेली बरीच वर्षं ठाण्यात फिजिओथेरपी करते. व्हिडिओतल्या गृहस्थांबद्दल मीही काही सांगू शकत नाही, पण 'उठला, चालला, म्हणजे बरा आहे' हे का चुकतं ते सांगते. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांची कहाणी तीच आहे.

लंबर कॅनाल स्टेनोसिस घ्या. साठीनंतर पुष्कळ आढळतो. कमरेच्या मणक्यात नसांची जागा अरुंद होते. हा माणूस खुर्चीतून झटकन उठतो, पहिली काही मिनिटं अगदी सरळ चालतो. मग पोटऱ्या जड व्हायला लागतात, मुंग्या येतात, पाय पुढे पडेना होतो. दोन मिनिटं बसला किंवा पुढे वाकला की पुन्हा ठीक, कारण वाकल्यावर मणक्यातली जागा थोडी मोकळी होते. म्हणून हे लोक सामानाची ट्रॉली ढकलत असताना अगदी ठणठणीत दिसतात. ट्रॉलीच्या दांड्यावर त्यांचं वजन असतं आणि कंबर पुढे झुकलेली असते. ट्रॉली काढून घ्या आणि तेवढंच अंतर चालायला सांगा, मग बघा. पट्ट्यापाशी उठून बॅग घेणारा, ट्रॉलीवर ठेवणारा आणि ढकलत निघणारा माणूस या आजाराच्या पुस्तकातल्या वर्णनाशी तंतोतंत जुळतो. त्याआधी तो काही तास विमानात बसून आलेला असतो, म्हणजे विश्रांती पूर्ण झालेली असते. त्याची सर्वात चांगली पाच मिनिटं तुम्ही मोबाइलमध्ये टिपता.

दुसरा, मायस्थेनिया ग्रॅव्हिस. यात स्नायू वापरले की थकतात आणि विश्रांतीनंतर शक्ती परत येते. सकाळी छान, संध्याकाळी पापण्याही उघड्या राहत नाहीत. एकाच दिवसात दोन वेगळी माणसं वाटावीत इतका फरक असतो.

हृदयाची पंपिंगची ताकद कमी झालेले, सीओपीडी या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराचे रुग्ण, यांचे पाय उत्तम असतात. दम पुरत नाही. त्यात विमानाच्या केबिनमधला दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो, म्हणजे शरीराला ऑक्सिजन कमीच मिळतो. तिथून उतरल्यावर लगेच लांब चालायला लावणं त्यांच्यासाठी धोक्याचं असतं. चेहऱ्यावर यातलं काहीही लिहिलेलं नसतं. उलट आपली माणसं चारचौघांत दम लागल्याचं लपवतात. मोबाइल बघत असल्यासारखं करून थांबतात. हे मी पेशंटकडून इतक्यांदा ऐकलंय की आता रस्त्यात मोबाइल बघत थांबलेला म्हातारा माणूस दिसला की मी दोन क्षण थांबते.

तरुणांचंही सांगते. पॉट्स नावाचा त्रास असतो. उभं राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत हृदयाचे ठोके मिनिटाला तीस किंवा त्याहून जास्त वाढतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. बहुतेक रुग्ण तरुण मुली. यांना चालण्यापेक्षा रांगेत नुसतं उभं राहणं जास्त छळतं. कॉलेजची मुलगी व्हीलचेअरवर दिसली की लोक काय बोलत असतील ते मला सांगायला नको.

ऐरोली सेक्टर

फिजिओताई, पार्किन्सन्स राहिला. बाबांना आहे.

गोळीचा असर असतो तेव्हा ते घरभर फिरतात, नातवाशी कॅरम खेळतात. असर उतरला की जमिनीला खिळतात. आणि खिळायची ठिकाणं ठरलेली: दार, अरुंद वाट, जमिनीचा रंग बदलतो ती जागा. विमानाला जोडलेल्या त्या बोगद्याच्या तोंडाशीच बाबा अडकले. मागे माणसं. कुणीतरी म्हणालं, "अहो चला ना काका, मघाशी तर चालत होतात." मघाशी खरंच चालत होते! मी त्यांच्या पायापुढे माझा पाय आडवा ठेवला आणि "यावरून ओलांडा" म्हटलं, तेव्हा पाऊल निघालं. ही युक्ती त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टनी शिकवली आहे, ज्यांच्या घरी पार्किन्सन्सचा रुग्ण आहे त्यांनी लक्षात ठेवा.

त्या दिवसापासून व्हीलचेअर घेतोच. बाबांना आवडत नाही. ते म्हणतात, "लोक बघतात." आजारापेक्षा त्यांना लोकांचं बघणं जड जातं.

कळवेकर

बरेच दिवस नुसतं वाचतो, आज लिहितोय. मी काही वर्षं विमानतळावर व्हीलचेअर ढकलण्याचं काम केलंय. कंत्राटदाराकडे होतो, नाव सांगत नाही.

खुर्च्या कमी पडतात असं सगळे म्हणतात. आमच्या वेळी खुर्च्या असायच्या, माणसं नसायची. एक माणूस प्रवाशाला घेऊन निघाला की इमिग्रेशन, पट्टा, कस्टम, बाहेर गाडीपर्यंत सोडून रिकामी खुर्ची परत आणेपर्यंत तो अडकलेला. रात्री लांब पल्ल्याची विमानं लागोपाठ उतरतात. यादी आमच्या सुपरवायझरकडे आधी असायची, पण यादीएवढी माणसं शिफ्टला कधी लावली नाहीत. मग एकेकाने दोन दोन खुर्च्या ढकलायच्या. घोडबंदरकर साहेब, तुमच्या वडिलांना पाऊण तास लागला तो यामुळे. तुमच्या पुढच्या सगळ्या म्हाताऱ्यांना चालत पाठवलं असतं तरी पुढच्या शिफ्टला अजून माणसं कमी केली असती. मी हे होताना बघितलंय.

कोण खरा, कोण खोटा, हे आम्हाला तरी कळायचं का? नाही. सुरुवातीला आम्हीही आपसात बोलायचो, हा बघ मस्त चालतोय. मग एकदा एक बाई, चाळिशीच्या, साडी नेसलेल्या, हसतमुख. बसल्यावर म्हणाल्या, "दादा, हळू न्या, मणक्यात कॅन्सर आहे, धक्का बसला की कळ येते." लादीच्या प्रत्येक जोडावर मला ती कळ दिसत होती. चेहरा तसाच हसरा.

राग यायचा तो वेगळ्या लोकांचा. एक आजी खुर्चीत आणि "आम्ही सोबत आहोत" म्हणत सहा जण तिच्यामागून छोट्या रांगेत. आजीला खरी गरज असायची, बरं का. बाकीच्यांना नसायची. सोबत एक जण पुरतो.

आणि टिपेचं. आमचे काही लोक मागायचे, ते चूकच. पण पगार किती होता तेही बघा. प्रवाशाला ती सेवा फुकट असते, द्यावंच लागतं असं नाही. प्यायला पाणी विचारलंत तरी बरं वाटायचं.

घोडबंदरकर

कळवेकर, ही आतली माहिती मला नव्हती. यादी असून माणसं लावत नाहीत हे वाचून संताप आला. तक्रार करायची तर त्याची करायला हवी, हे पटतं.

तरी माझा मुद्दा शिल्लक आहे. धडधाकट माणसाने नाव टाकू नये. मी तर म्हणतो डॉक्टरची चिठ्ठी मागा. खऱ्या रुग्णाकडे फाइल असतेच. नाहीतर अनामत रक्कम ठेवा.

पाचपाखाडीची

धडधाकट माणसाने नाव टाकू नये, यावर आपलं एकमत आहे. चिठ्ठीवर नाही.

चिठ्ठी कुणाला अडवेल याचा विचार करा. ज्याला रांग टाळायची आहे तो ओळखीच्या डॉक्टरकडून चिठ्ठी आणेल, त्याला काहीच अवघड नाही. अडेल तो कालच पाय मुरगळलेला, परवाच गावाहून आलेल्या आजी, ज्यांचे गुडघे गेलेत पण कधी कुठल्या डॉक्टरला दाखवलेले नाहीत. आणि चिठ्ठी वाचणार कोण? काउंटरवरची मुलगी. माझा आजार तिला रांगेसमोर समजावून सांगायचा का मी?

'अपंगत्वाचं कार्ड दाखवा' असंही लोक म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. पार्किन्सन्स आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, सिकलसेल आहे. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच होते, म्हणजे सुधारणा मोठी झाली. पण माझ्या आजाराचं नाव त्यात स्वतंत्र नाही. नोकरीतल्या आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. केमो चालू असलेल्या माणसाला, हृदयविकाराच्या रुग्णाला कुठलं कार्ड मिळणार? गेटपर्यंत पोचायला टक्केवारी लागू नये.

भाषेची अडचण, इमिग्रेशनची भीती, ही मात्र खरी गरज आहे आणि तिची सोय वेगळी व्हायला हवी. सातारा-सांगलीकडची सत्तरीतली बाई पहिल्यांदा एकटी परदेशी निघते तेव्हा तिला सोबतीचं माणूस हवं असतं, खुर्ची नको असते. मुंबई विमानतळावर 'प्रणाम' नावाची सोबतीची सेवा आहे, पण ती पैसे भरून. कंपन्यांनी लांबच्या विमानांना मराठी, गुजराती, पंजाबी बोलणारा एकेक माणूस दिला आणि अशा आठ-दहा प्रवाशांना एकत्र चालत नेलं, तर तेवढ्या खुर्च्या मोकळ्या होतील. मी हे एका कंपनीला ईमेलने कळवलंय. इथल्या वाचकांनीही कळवावं.

तलावपाळी

युरोपात ही जबाबदारी विमानतळाची असते, कंपनीची नाही. २००६ चा तसा नियम आहे. त्यामुळे सगळ्या कंपन्यांची माणसं एकत्र वापरता येतात. आपल्याकडे प्रत्येक कंपनी आपापल्या प्रवाशांपुरतं बघते. रात्री तीन विमानं उतरली की एकीची माणसं पळतायत आणि दुसरीची बसून आहेत, असंही होत असेल. कळवेकर सांगू शकतील.

कळवेकर

व्हायचं. दुसऱ्या कंपनीचा प्रवासी समोर ताटकळत असायचा आणि आमची खुर्ची रिकामी. नेला तर ओरडा खायचा.

नेरुळ पूर्व

सगळं वाचलं. मला एक विचारायचं आहे.

माझा भाऊ २२ वर्षांचा आहे. खारघरच्या टाटाच्या केंद्रात त्याचे उपचार झाले, केमो मागच्या महिन्यात संपली. केस परत यायला लागलेत, त्यामुळे आता बघून काही कळत नाही. पण जिना चढला की त्याला बसावंच लागतं आणि तळपाय बधिर आहेत. मावशीकडे जायचंय, नवी मुंबई विमानतळावरून पहिल्यांदाच जातोय.

तो व्हीलचेअर घ्यायला तयार नाही. कारण लोकल. उपचार चालू असताना आम्ही दिव्यांगांच्या डब्यातून जायचो, कॅन्सरच्या रुग्णांना त्यात परवानगी आहे. वाशीला चढलेल्या एका माणसाने त्याला दंडाला धरून उठवलं, "तुला काय धाड भरली आहे?" म्हणून. भावाने टोपी काढून डोकं दाखवलं. सगळा डबा गप्प झाला. पण त्यानंतर तो त्या डब्यात कधी बसला नाही, उभ्याने प्रवास केला. आता म्हणतो, पुन्हा कुणाला काही दाखवणार नाही.

त्याला काय सांगू? आणि विमानतळावर नेमकं काय मागायचं?

ऐरोली सेक्टर

वाचून डोळ्यांत पाणी आलं. भावाला सांगा, आमचे बाबा त्याच्यासाठी आशीर्वाद पाठवतायत. मी आत्ताच त्यांना वाचून दाखवलं.

नौपाड्याची फिजिओ

तळपाय बधिर आहेत म्हणजे केमोमुळे नसांवर परिणाम झालाय, अनेकांना होतो. बहुतेकांचा हळूहळू कमी होतो. पण अशा पायांनी गुळगुळीत फरशीवर, सरकत्या जिन्यावर तोल जातो, पाऊल नीट पडलंय की नाही ते कळत नाही. खुर्ची फक्त थकव्यासाठी नाही, पडू नये म्हणूनही घ्यायची आहे, हे त्याला सांगा. तरुण मुलांना हे कारण पटतं. उपचार नुकतेच संपलेत, तेव्हा विमानप्रवासाबद्दल त्याच्या डॉक्टरांशीही आधी बोलून घ्या. बूट लेस बांधायचे, चपला-सँडल नकोत.

पाचपाखाडीची

नेरुळ पूर्व, मी काय करते ते लिहिते, उपयोग होईल.

तिकीट काढताना मदतीचा पर्याय निवडा आणि नंतर कंपनीला फोन करून नोंद झाली आहे का ते विचारा. निदान ४८ तास आधी. फोनवर आजाराचं नाव सांगायची गरज नाही. "लांब चालता येत नाही, जिने चढता येत नाहीत" एवढं सांगायचं. जिन्यांचं आवर्जून सांगा, कारण बसने विमानापर्यंत नेलं तर शिडी चढावी लागते आणि त्याच्या नावापुढे जिने जमतात अशी नोंद असेल तर उचलयंत्राची गाडी येत नाही. नोंदीचा संदेश फोनमध्ये जपून ठेवा.

कुणी "काय झालंय" विचारलं तर भावाने उत्तर द्यायचं नाही. तुम्ही सोबत असाल तर तुम्ही बोला: "मदत आधीच नोंदवलेली आहे." तेवढंच, शांतपणे. फाइल बॅगेत असू द्या, पण मागितल्याशिवाय काढू नका, आणि काउंटरवर मागितली तर सुपरवायझरला बोलवा. सुरक्षा तपासणीत मात्र सीआयएसएफच्या जवानाला पायांचं सांगा. खुर्चीतल्या प्रवाशांची तपासणी ते वेगळी घेतात आणि उभं राहता येतं का ते विचारतात. माझा तिथला अनुभव नेहमी चांगला आहे.

आणखी एक. सूर्यफुलाचं चित्र असलेली हिरवी फीत असते, गळ्यात घालायची. न दिसणारा त्रास असलेल्यांसाठी २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर ती सुरू झाली. आपल्याकडे बेंगळुरू विमानतळाने स्वीकारली आहे. ती घातली की कर्मचारी कारण न विचारता मदत करतात. तुमच्या विमानतळावर ती मिळते का ते कंपनीला फोन कराल तेव्हा विचारून घ्या. मिळत नसेल तर विमानतळाला लिहा, मीही लिहीन. २५ डिसेंबर २०२५ ला तिथून विमानं सुरू झाली, नवीन जागा आहे, सवयी अजून लागायच्या आहेत.

उतरताना सगळे उतरेपर्यंत बसून राहा. हवाई सुंदरीला विमान थांबण्याआधीच एकदा आठवण करा. आणि पट्ट्यापाशी भावाला बॅग घ्यायला उठावंसं वाटलं तर उठू द्या.

नेरुळ पूर्व

खूप आभार सगळ्यांचे. त्याला धागा वाचायला दिलाय. तुमच्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचून म्हणाला, "फोन तू कर, पण जिन्यांचं मी सांगतो." उद्या करतो आम्ही.